हेड उतरलंय, आता काय काय बदलू?

राजगुरुनगरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देतो.

"माझी २०१२ची ओम्नी आहे, सीएनजी किट लावलेली. घरगुती जेवणाचे डबे चाकणच्या कंपन्यांत पोचवतो. १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. मागच्या महिन्यात रस्त्यातच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) फुटला. काटा लालवर गेला होता, पण गाडीत ऐंशी डबे आणि जेवणाची सुट्टी व्हायला वीस मिनिटं. होजला रबरी पट्टी गुंडाळली, कॅनमधलं पाणी ओतलं आणि तीन किलोमीटर रेटली. दुसऱ्या दिवसापासून पांढरा धूर, रोज लिटरभर पाणी गायब, आणि ऑइल दुधाळ. मिस्त्रींनी हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उतरवलंय. ते म्हणतात हेड गेलं, जुन्या बाजारातून दुसरं टाकू, आणि उघडलंच आहे तर रिंगा, पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह, वॉटर पंप, रेडिएटर, टायमिंग बेल्ट, क्लचप्लेट सगळं करून घ्या. थर्मोस्टॅट मात्र काढून टाकू म्हणाले. एकूण २८,००० सांगितलेत. एवढं करायची गरज आहे का? मिस्त्री ओळखीचे आहेत, फसवणारे नाहीत."

नमस्कार. तुमचे मिस्त्री फसवत नाहीत हे मलाही पटतं. 'उघडलंच आहे तर' हे वाक्य मीही गिऱ्हाइकांना बावीस वर्षं ऐकवलंय आणि निम्म्या वेळी ते बरोबरच होतं. गडबड एवढीच, की ही यादी मोजमाप न घेता तयार झालीय. इंजिन उघडं पडलंय, म्हणजे ते स्वतःच सांगू शकतं. तेव्हा आज एकही पार्ट आणू नका. प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहा: ही वस्तू आज ठेवली आणि सहा महिन्यांनी गेली, तर हेड पुन्हा उतरवावं लागेल का? लागणार असेल तर आज शंकेलाही जागा ठेवू नका. नसेल, तर ती वस्तू आज खराब आहे का एवढंच बघा.

सगळ्यात आधी हेड, कारण मोठा खर्च तिथेच आहे.

'हेड गेलं' म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारलंत का? तुमचा ब्लॉक (हेडखालचा इंजिनाचा मुख्य भाग) बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी जखडलेलं हेड लांब व्हायला बघतं, जागा मिळत नाही, मग ते कमानीसारखं वाकतं. त्यात तुम्ही तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलंत. चुलीवरच्या रिकाम्या, लालबुंद तव्यावर पाणी शिंपडल्यावर काय होतं ते तुम्हाला स्वयंपाकामुळे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून तीन शक्यता आहेत: हेड नुसतं वाकलंय, किंवा तडकलंय, किंवा दोन्ही. वाकलेलं हेड बहुतेक वेळा वाचतं, तडकलेलं क्वचितच.

हेड स्वच्छ करून हेडची कामं करणाऱ्या लेथवाल्याकडे न्या. तो खालच्या तोंडावर सरळपट्टी उभी, आडवी आणि कर्णरेषेत ठेवून फटीत फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) घालेल. ०.०५ मिलिमीटरची पाती आत गेली, तर फेसिंग (तोंड घासून सपाट करणं) करायला हवं. ०.०५ म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. 'डोळ्यांनी तर सरळ दिसतंय' या वाक्याला इथे काही किंमत नाही. त्यानंतर प्रेशर टेस्ट. पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरतात, हेड गरम पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतात. गरम पाण्याचाच आग्रह धरा, काही चिरा गार हेडात मिटलेल्या राहतात. या इंजिनाच्या प्रकारात चीर बहुधा दोन व्हॉल्व्ह सीटांच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या बैठकींच्या) मधल्या अरुंद पट्टीत पडते.

आणि एक गोष्ट, जी पुष्कळ ठिकाणी कुणी बघतच नाही. तुमच्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडच्या पोटातच, थेट अ‍ॅल्युमिनियमच्या घरांत फिरते. हेड वाकलं की ही घरंही एका ओळीतून हलतात. फेसिंगने खालचं तोंड सरळ होतं, वरची ओळ वाकडीच राहते. म्हणून रॉकर (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हमधले दांडे) काढून नुसती कॅमशाफ्ट ऑइल लावून घरात घाला आणि बोटांनी फिरवा. लोण्यासारखी फिरली, तर ठीक. एखाद्या जागी अडली, तर तुमचे मिस्त्री बरोबर आहेत, हेड गेलं. घरांवर ओरखडे असले, तरी तोच निकाल.

फेसिंगलाही मर्यादा आहे. धातू कमी झाला की दाब वाढतो आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) जवळ येते, त्यामुळे टायमिंग किंचित सरकतं. हे हेड आधी कधी घासलंय का, ते लेथवाल्याला विचारा. दुसऱ्यांदा भरपूर घासायला लागणार असेल, तर सोडून द्या.

हेड बदलायचंच ठरलं, तर जुन्या बाजाराला माझा विरोध नाही. ओम्नी २०१९ ला बंद झाली, आणि पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला या गाडीचा माल अजून मिळतो. पण फसगत दोन ठिकाणी होते. एक म्हणजे हेड सारखं दिसतं आणि सारखं नसतं. तुमच्या इंजिनाला तीन सिलिंडरना सहा व्हॉल्व्ह आहेत. त्याच ७९६ सीसीचं अल्टोचं इंजिन १२ व्हॉल्व्हचं असतं, ते हेड तुमच्या कामाचं नाही. कार्बोरेटरच्या काळातलं हेडही जसंच्या तसं तुमच्या इंजेक्शनच्या गाडीला बसेल असं समजू नका. जाताना नवं हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) सोबत न्या, हेडवर ठेवा आणि उजेडाकडे धरून प्रत्येक भोक जुळतंय का बघा. शक्य असेल तर जुनं हेडही घेऊन जा.

दुसरी फसगत माझी स्वतःची झालीय. माझ्याच व्हॅनला जुनं हेड आणलं, वरून लख्ख होतं, देणारा म्हणाला चालू गाडीतून काढलंय. मी गॅरेजवाला असून घाईत टेस्ट न करता बसवलं. अकराव्या दिवशी रेडिएटरमधून बुडबुडे. चीर होती. गॅसकेट, ऑइल, कूलंट, दोन दिवसांची मजुरी, सगळं परत. तेव्हापासून बाजारातलं हेड असो की गिऱ्हाइकाचं, गाडीवर चढण्याआधी लेथवाल्याकडे जातंच. विकणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा: टेस्टमध्ये नापास झालं तर परत. जो 'हो' म्हणणार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

(आरटीओची काळजी करू नका. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, हेड बदललं तरी कागदपत्रांत काही बदलत नाही. 'त्यापेक्षा अख्खं इंजिनच टाकू' असं कुणी म्हणालं, तर मात्र आरसीवर नोंद करून घ्यावी लागेल.)

आता व्हॉल्व्ह. तुमची गाडी सीएनजीवर चालते, म्हणून इथे हात आखडू नका. सीएनजी कोरडं इंधन आहे. पेट्रोलमुळे व्हॉल्व्हच्या बैठकीला जो थोडा ओलावा आणि गारवा मिळतो, तो यात नाही. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये खोल बसत जातात, टॅपेटची (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) फट कमी होत जाते, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. तिन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात घेऊन कड बघा. कड ब्लेडसारखी पातळ झाली असेल किंवा एखाद्या बाजूला जळल्याचा पांढुरका डाग असेल, तर तिन्ही नवे घ्या. इनटेकचे व्हॉल्व्ह बहुधा लॅपिंग करून (बैठकीवर घासून बसवून) चालतील. गाइडमध्ये (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीत) व्हॉल्व्ह आडवा हलत असेल, तर गाइडही बदलावे लागतील, कारण ढिल्या गाइडमध्ये नवा व्हॉल्व्ह नीट बसतच नाही. व्हॉल्व्ह सील सहाच्या सहा नवीन. ते रबर लालवर गेलेल्या काट्याच्या दिवशीच भाजलंय, किंमत किरकोळ आहे, आणि ते गेलं तर हेड परत उघडावं लागतं.

हेड गॅसकेटबद्दल बोलायलाच नको, पण चांगल्या कंपनीचं घ्या आणि इतर पॅकिंगांसकट पूर्ण सेट घ्या. त्याला 'सेफ्टीसाठी' वरून सिलिकॉन फासू देऊ नका. गॅसकेट कोरडं बसवायचं असतं, सिलिकॉनचे तुकडे ऑइलच्या बारीक वाटांत जाऊन अडकतात.

हेडचे बोल्ट टेबलावर रांगेत उभे करा. एखादा बाकीच्यांपेक्षा लांब झालाय का, मधे मानेसारखा बारीक झालाय का, आटे ओढले गेलेत का, ते दिसेल. तसं काही नसेल आणि तुमच्या मॅन्युअलमध्ये फक्त टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) आकडा दिला असेल, तर जुने बोल्ट चालतील. अंशांत फिरवून आवळायचे असतात तसल्या गाड्यांत ते प्रत्येक वेळी नवेच घ्यायचे. ब्लॉकमधली बोल्टची भोकं मात्र कोरडी करून घ्या. भोकात पाणी किंवा ऑइल साचलं असेल, तर बोल्ट त्यावर जाऊन अडतो. टॉर्क रेंच 'झालं' म्हणतं, प्रत्यक्षात हेड ढिलंच असतं, आणि कधी त्या दाबाने ब्लॉकच चिरतो. आवळताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. हाताच्या अंदाजाने आवळणारे जुने उस्ताद मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल आदरही आहे, पण तुम्ही मिस्त्रींना टॉर्क रेंच आणायला लावाच.

रिंगा-पिस्टनचा निर्णय पत्रावरून मी देऊ शकत नाही. तुम्ही देऊ शकता, एका प्रश्नाच्या उत्तरावर: होज फुटायच्या आधी गाडी ऑइल खात होती का? दोन सर्व्हिसिंगच्या मधे अर्धा-पाऊण लिटर टाकावं लागत होतं का, सकाळी निळसर धूर यायचा का? उत्तर 'नाही' असेल, तर माझा कल खालच्या भागाला हात न लावण्याकडे आहे. एकदा बोअरमध्ये (पिस्टन चालतो त्या सिलिंडरच्या पोकळीत) टॉर्च टाकून बघा. भिंतींवर बारीक तिरप्या रेघांची जाळी अजून दिसत असेल आणि उभे ओरखडे नसतील, तर बोअर ठीक. वरच्या टोकाशी नख अडकेल एवढी पायरी पडली असेल, किंवा पिस्टनच्या एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम घासून बोअरला चिकटलं असेल, तर मिस्त्रींची यादी खरी आहे. गॅसकेटच्या बाजूने ब्लॉकचं तोंडही त्याच सरळपट्टीने तपासायचं आहे. ते पुसताना खरखरीत पॉलिश पेपर मारू देऊ नका, ती धूळ बोअरमध्ये पडते आणि नव्या-जुन्या सगळ्या रिंगा खाते.

गॅरेजांत एक म्हणतात, 'वरचं नवं केलं की खालचं बोलायला लागतं.' ते अर्धंच खरं. नव्या हेडमुळे चांगल्या रिंगा खराब होत नाहीत. आधीच थकलेल्या रिंगांचं पितळ उघडं पडतं, इतकंच. हेड उतरवण्याआधी कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) झाली असती तर हा वाद पाच मिनिटांत मिटला असता. ती वेळ गेली.

बेअरिंगचं वेगळं आहे. ऑइल दुधाळ झालं म्हणजे पाणी क्रँकपर्यंत पोचलं, आणि पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग जपत नाही. धूर यायला लागल्यावर गाडी किती दिवस चालवलीत ते तुम्ही लिहिलं नाही. एक-दोन दिवसच असेल, तरी चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा, साय झालेलं ऑइल पुसून काढा, गाळणी धुवा, आणि एकाच कनेक्टिंग रॉडची टोपी उघडून बेअरिंग बघा. करडं, एकसारखं, गुळगुळीत असेल तर तसंच बंद करा. तांबूस थर दिसायला लागला असेल, तर सगळी बदला. आठवडाभर चालवली असेल, तर मी न बघता बदलली असती.

क्लचप्लेट यादीतून काढा. हेडच्या कामाचा क्लचशी संबंध नाही. तुमच्या गाडीत सीट उचलली की हेडपर्यंत हात जातो, गिअरबॉक्सला कुणी हातही लावत नाही. तळ (रिंगा, पिस्टन, बेअरिंग हा खालचा भाग) करायचा ठरला आणि इंजिन खाली उतरलंच, तर क्लच बघा, कारण मग त्याची मजुरी त्यातच येते.

टायमिंग बेल्ट हेडसाठी काढावाच लागतो. शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल, तर नवा टाका, टेन्शनरसकट. वॉटर पंपाची शाफ्ट धरून हलवा आणि खालच्या बारीक छिद्रापाशी पाण्याचा सुकलेला ओघळ आहे का बघा. दोन्ही नसेल तरी, १ लाख ३८ हजारांचा मूळ पंप असेल तर मी बदलला असता, कारण सगळं उघडं असताना पंपाची वेगळी मजुरी जवळपास लागत नाही.

आता थर्मोस्टॅट. इथे मिस्त्रींशी माझा सरळ मतभेद आहे. 'आपल्याकडे एवढं ऊन, थर्मोस्टॅटची गरजच काय' हे वाक्य मी कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत ऐकलंय. थर्मोस्टॅट काढल्यावर काटा खाली राहतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण चाकणच्या पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन कधी नीट तापतच नाही. ऑइलमधली वाफ उडून जात नाही, गाळ धरतो, इंधन जास्त जातं, झीज वाढते. आणि पाणी कमी असेल, तर ते ध्यानातच येत नाही, जोपर्यंत फार उशीर झालेला नसतो. नवा थर्मोस्टॅट शंका नको म्हणून घ्याच, पण बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडा आणि पाणी तापवा. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडायला लागला पाहिजे. पाणी खळखळ उकळलं तरी बंदच असेल, तर नवा असला तरी परत करा. (पातेलं डब्यांचं नको.)

रेडिएटर सरसकट बदलायची गरज नाही, पण मला तुमच्या त्या कॅनची भीती वाटते. त्यात बोअरवेलचं पाणी असतं ना? वर्षभर तेच टॉप-अप करत असाल, तर रेडिएटरच्या नळ्यांत केटलीच्या तळाशी जमतो तसा पांढरा थर बसलाय. रेडिएटरवाल्याकडून पाण्याचा प्रवाह बघून घ्या. साफ होत असेल तर साफ करा, नसेल तर तेव्हा नवा. पण मोठ्या होजपासून बारीक बायपासच्या तुकड्यापर्यंत सगळे होज आणि क्लिपा नव्या. ओम्नीत रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली, त्यामुळे पाण्याचा प्रवास लांब आहे आणि एक जुना तुकडा राहिला तरी पुढचा फुटणारा तोच. रेडिएटरची टोपीही नवी. तिच्या स्प्रिंगच्या दाबामुळेच आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही. ०.९ बारची चांगली टोपी असेल, तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ती टोपी ढिली पडली, तर वरचा सगळा खर्च पुन्हा धोक्यात. पंखा वेळेवर सुरू होतो का, तेही गाडी उभी ठेवून बघून घ्या.

तुमच्या २८,०००चं काय? गाडी २०१२ची, म्हणजे २०२७ ला तिची पंधरा वर्षं पूर्ण होतील आणि पुनर्नोंदणीच्या वेळी फिटनेस बघितली जाईल. दोन वर्षांत नवी गाडी घ्यायचा बेत असेल, तर खालच्या भागाला विनाकारण पैसे घालू नका. पाच वर्षं हिच्यावरच धंदा चालवायचा असेल आणि बोअरने थोडी जरी शंका दाखवली, तर एकदाच करून मोकळे व्हा. हेड वाचलं आणि तळ बंदच राहिला, तर बिल मिस्त्रींच्या आकड्यापेक्षा पुष्कळ खाली येईल. जे जे बदललं त्याचे जुने पार्ट पोत्यात भरून मागून घ्या. ओळखीच्या माणसाकडे मागायला संकोच वाटतो, माहीत आहे. 'भंगारवाला येतो घरी' म्हणून सांगा.

बसवल्यावर कूलंट भरताना घाई नको. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, बाटलीवर दिलंय त्या प्रमाणात. इंजिन सुरू ठेवून हवा बाहेर पडू द्या. लांबच्या पाइपांमुळे या गाडीत हवा अडकते, आणि अडकलेली हवा म्हणजे हेडच्या एका कोपऱ्यात पाणीच नाही. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढून टाका, कितीही स्वच्छ दिसलं तरी, कारण कोपऱ्याकोपऱ्यात उरलेली साय त्यातच येते. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी, इंजिन गार असताना, टोपी उघडून पातळी बघा. पाणी कमी होत असेल, तर डबे दुसऱ्या गाडीने पाठवा आणि त्याच दिवशी मिस्त्रींना गाठा. बोअरवेलच्या पाण्याच्या कॅनवर 'पिण्यासाठी नाही' असं लिहिता तसं 'गाडीसाठी नाही' हेही खडूने लिहून ठेवा.

लेथवाल्याने फिलर गेजचा आकडा सांगितला की मला कळवा.